कृष्णाकाठी खोली शोधताना

साल 1853. कराडच्या घाटावर तुम्ही बसला आहात. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भेटतात आणि एकत्र पूर्वेला वळतात. तुमचं वय अठरा-एकोणीस, अंगावर लुगडं, मांडीवर गाठोडं. शेजारी तुमच्या गुरू बसल्या आहेत आणि त्यांच्या हातात एक जुना, घडीवर फाटलेला कागद आहे.

असे कागद दख्खनातल्या कितीतरी हिजडा गुरूंकडे होते. मराठा राजवटीत त्यांना हक्क मिळालेले होते. कुणाला जमिनीचा तुकडा, कुणाला गावागावांतून धान्य किंवा रोख मागण्याचा अधिकार. मळणी झाली की तुमच्या गुरू खळ्याखळ्यावर जातात आणि आपला वाटा घेऊन येतात. सुतार आणि गुरव बलुतं नेतात त्याच तोऱ्यात. देणाऱ्याच्या कपाळाला आठी पडत नाही, घेणारी मान खाली घालत नाही. या कागदावर तुमचं चार जणांचं घर चालतं. तुम्हाला वडिलांनी बाहेर काढलं त्या वर्षी या घरानं आत घेतलं.

चार-पाच वर्षांपूर्वी साताऱ्याची गादी खालसा झाली आणि गेल्याच वर्षी इनामं तपासण्याचा कायदा आला. आज कचेरीतल्या कारकुनानं कागद बघून परत दिलाय. हक्क गुरूंच्या हयातीपुरता, पुढे नाही. तुम्ही पुढे सरकता तेव्हा तो विचारतो, "तू यांचा कोण?"

"चेला."

"म्हंजे रक्ताचं न्हाई."

तो वाईट माणूस नाही. वारस म्हटलं की मुलगा, एवढंच त्याच्या नव्या साहेबाला कळतं. पण त्याच्या त्या एका ओळीनं एक संसार कायद्याच्या नजरेतून पुसला जातो. पुढच्या काही दशकांत तुमच्यासारखी माणसं खळ्यावरच्या हक्काची राहत नाहीत, रस्त्यावरच्या भिकेची होतात. मग तीच भीक दाखवून लोक म्हणू लागतात, यांना घरदार नाही.

पन्नास वर्षं पुढे या. कराडपासून फार लांब नाही असं वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष, किंवा त्याच्या पंचक्रोशीतलं कुठलंही गाव. जत्रा आहे, फड लागलाय. पलित्यांच्या उजेडात तुम्ही घागरा नेसून उभे आहात, पायांत चाळ बांधलेत. तुम्ही नाच्या पोऱ्या आहात. ढोलकीवर थाप पडते आणि तुम्ही गिरकी घेता तेव्हा अख्खा माळ शिट्ट्यांनी भरून जातो. खेळ संपल्यावर तीच माणसं तुम्हाला पाणी लांबूनच वाढतात. झोपायचं कुठं हा प्रश्न रोज नवा असतो. बैलगाडीखाली, नाहीतर देवळाच्या मागच्या बाजूला.

याच रेठऱ्यात 1866 साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मला. कुलकर्ण्यांचा मुलगा तमाशात गेला, घरदार आणि जात मागे टाकली आणि पठ्ठे बापूराव झाला. संगमनेरजवळच्या हिवरगावची, महार घरातली पवळा आणि तो यांची जोडी मुंबईच्या रंगमंचावर गाजली. 1945 साली पुण्यात तो हलाखीत गेला. त्याची गोष्ट महाराष्ट्र सांगतो, आणि सांगावीच. पण सांगताना त्यानं काय सोडलं याचाच हिशेब होतो. पवळेकडे सोडण्यासारखं काय होतं? तुमच्याकडे, नाच्याकडे, काय होतं? ज्याच्या मागे वाडा असतो त्याचं बाहेर पडणं गोष्ट होऊन उरतं. ज्याला आधीच बाहेर काढलंय त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

आणखी एक माणूस बघून घ्या, मग पुढे जाऊ. सांगली ही नाट्यपंढरी. इथे 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं तेव्हापासून सीता पुरुषच होत आला. पलूस तालुक्यातलं नागठाणे हे बालगंधर्वांचं गाव. 1913 साली गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली आणि घराघरांतल्या लेकीसुना त्यांची नेसण, त्यांचा अंबाडा, त्यांचं चालणं उचलू लागल्या. तुम्ही थिएटराच्या सगळ्यात स्वस्त जागेवर बसून त्यांना पाहता. रंगमंचावरच्या उजेडात पदर सावरणारा तो हात आणि तुमचा हात यांत तुम्हाला काहीच फरक दिसत नाही. त्या हाताला सोन्याच्या बांगड्या अर्पण करायला माणसं तयार आहेत. तुम्ही शेतात पदरासारखं उपरणं घेतलंत म्हणून परवाच तुमच्या चुलत्यानं आसूड ओढला. बालगंधर्वांचं मोठेपण यानं उणं होत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की या मुलखाला पुरुषातली बाई ओळखीची होती, आवडतही होती. तिनं तिकीटबारीच्या आतच राहावं असा आग्रह होता.

4 ऑक्टोबर 1919. कराड तालुक्यातलं काले. भाऊराव पाटील नावाचा धिप्पाड माणूस इथे रयत शिक्षण संस्था सुरू करतोय. इथे थोडं थांबू या, कारण या प्रवासात घर बांधायचं कसं हे शिकवणारं ठिकाण हेच आहे.

तुम्ही आता दहा वर्षांचे आहात, महारवाड्यातले. शाळेत तुम्ही आजवर पायरीखाली बसत आलात, मास्तर पाटी लांबून बघायचे. पाच वर्षांनी, 1924 साली, साताऱ्यात वसतिगृह सुरू होतं आणि कुणीतरी तुम्हाला तिथे आणून सोडतं. पहिल्या रात्री तुम्ही भिंतीला पाठ लावून बसता, कारण आता जेवणाची पंगत बसणार आणि आपल्याला उठवणार हे तुम्हाला ठाऊक आहे. पंगत बसते. एका बाजूला मराठ्याचा मुलगा, दुसऱ्या बाजूला मुसलमानाचा. तुमच्या ताटात त्याच टोपल्यातली भाकरी पडते, त्याच पातेल्यातलं कालवण. कुणी उठवत नाही. तुम्ही घास घेत नाही बघून वाढणारी बाई विचारते, "काय रे बाळ, कालवण तिखट झालंय का?"

त्या लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी. मुलं त्यांना वहिनी म्हणतात, भाऊरावांना अण्णा. घरात धान्य संपलं तेव्हा या बाईनं दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. 1927 च्या फेब्रुवारीत गांधीजी येऊन या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव देतात, तोवर तुम्ही इथे तीन वर्षांचे जुने झाला आहात. सकाळी उठून पाणी भरायचं, बागेत खोदायचं, आळीपाळीनं स्वयंपाक करायचा. ब्राह्मणाच्या मुलानं चुलीजवळ फुंकर मारलेली आणि तुम्ही थापलेली भाकरी सगळ्यांनी खायची. 1930 साली वहिनी गेल्या. त्यांच्या पोटच्या लेकरांसोबत वसतिगृहातली पोरंही पोरकी झाली, आणि त्या रडण्यात कोण कुणाचा हे ओळखता आलं नसतं.

भाऊरावांच्या कामाची आपल्याकडे शिक्षणाच्या खात्यात मांडणी होते. शाळा किती, कॉलेजं किती. माझ्या मते त्यांचं खरं धाडस स्वयंपाकघरात होतं. जातीच्या समाजात घर म्हणजे चूल, आणि चुलीपाशी कोण येऊ शकतं यावर सगळी उतरंड उभी. ती उतरंड त्यांनी भाषणानं मोडली नाही, रोज दोन वेळा जेवायला घालून मोडली. त्या वसतिगृहात तुमच्याजवळ झोपणारा, मुलींसारखं बोलतो म्हणून चिडवला जाणारा एखादा मुलगा असेलच. त्याच्यासाठी तिथे वेगळं काही नव्हतं, त्या काळात कुठेच नव्हतं. तरी निदान त्याला भाकरी होती, आणि कंदिलाच्या उजेडात पुस्तक होतं.

1952 मध्ये फार वेळ काढू नका. 31 ऑगस्ट. सरकारनं 'गुन्हेगार जमाती' हा शिक्का कायद्यानं पुसला. तुम्ही फलटणच्या बाजूच्या माळावर पालात आहात, बाप फोकाच्या टोपल्या विणतोय, गाढवं चरताहेत. इथे ही बातमी पोचत नाही. पोचते ती पोलीसपाटलाची हाक: चोरी झालीय, पाल उचला. सातारा जिल्ह्यातल्या निरगुडीच्या लक्ष्मण माने यांनी 1980 साली 'उपरा' लिहिलं तेव्हा मराठी वाचकाला कळलं की आपल्या शिवारात उभी हयात गावाबाहेर काढलेली माणसं आहेत. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुस्तक अभ्यासक्रमांत लागलं. पालं मात्र कितीतरी ठिकाणी माळावरच राहिली.

आता सत्तरच्या दशकाचा शेवट. कराडच्या खालच्या अंगाचं एक ऊसपट्ट्यातलं गाव. लोकांच्या लेखी तुम्ही पंधरा वर्षांचा मुलगा आहात, आणि आपण मुलगा नाही हे तुम्हाला पाचव्या वर्षापासून ठाऊक आहे. मैत्रिणींसोबत भातुकली, आईच्या पेटीतली नथ, विहिरीवर पाणी भरायला जायची हौस. "काय रं, असा काय चालतूस?" हे वाक्य दिवसातून कितीदा ऐकता त्याला गणती नाही. मग केसांत गुंता होतो, तेलपाण्याअभावी चिकटतो, त्याची जट होते. म्हातारी आत्या बघते आणि हात जोडते. "आईचं आलंय बगा. यल्लम्मानं मागून घ्येतलंय."

एका क्षणात घर बदलतं. काल मारणारा बाप आज नजर टाळतो. जोगतीण बोलावली जाते. पुनवेला तुम्हाला सौंदत्तीच्या डोंगरावर नेतात. अंगावर हिरवं लुगडं येतं, हातात बांगड्या, कपाळावर भंडारा, गळ्यात देवीचे मणी. तुम्ही रडता, आणि ते रडणं दुःखाचं आहे असं बघणाऱ्यांना वाटतं. लुगड्याच्या पहिल्या निरीला तुमच्या अंगाला जे वाटलं ते कुणाला सांगणार? जन्मात पहिल्यांदा कपडे तुमच्या मापाचे झालेत.

गावी परत येता तेव्हा डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली टोपली असते, हातात परडी. मंगळवारी आणि शुक्रवारी जोगवा मागायचा. चौंडकं वाजतं, तुणतुणं साथ देतं, आणि ज्यांनी तुम्हाला दगड मारले तीच पोरं आता त्यांच्या आयांसोबत पाया पडतात. हा मान खोटा नाही. तो देवीचा आहे एवढंच. तुमच्या सोप्यावर तुम्हाला बसायला मिळतं, माजघरात नाही. बहिणीच्या लग्नात गाणं म्हणायला बोलावतात, फोटोला उभं राहताना कुणीतरी हलकेच बाजूला घेतं. आणि बाप गेल्यावर वाटण्या होतात त्या दिवशी थोरला भाऊ अगदी शांतपणे म्हणतो, "तुला वावर काय करायचंय? तू द्येवीचा झालास न्हवं."

सातबाऱ्यावर तुमचं नाव चढत नाही. आई मधे काही बोलत नाही. निघताना ती पदराआडून भाकऱ्यांचं गठुळं देते आणि विचारते, "जेवलास का?" जेवलीस म्हणायचं तिला अजून सुचत नाही. तुम्हीही ते तिला शिकवत नाही.

राजन गवसांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांत हा मुलूख लिहिला आणि त्यांवरून 2009 साली 'जोगवा' चित्रपट झाला. त्यामुळे शहरातल्या लोकांनी तुमच्यासारखे जोगते पाहिले. साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी कितीतरी बायकामुलींच्या जटा कापल्या, त्यांना देवाला वाहिलं जाण्यापासून वाचवलं. ते काम अत्यंत गरजेचं होतं आणि आहे. मुलीला देवाच्या नावानं सोडणं हा गुन्हाच. पण तुमच्यासारख्या मुलाला सौंदत्तीचा डोंगर का गाठावा लागला याचं उत्तर जट कापून मिळत नाही. गावात दुसरं दारच नव्हतं. अंधश्रद्धेचं दार बंद करताना त्याच्या शेजारी दुसरं उघडून द्यायला हवं होतं, ते आपण सगळेच विसरलो.

तुम्ही सांगलीला येता. बसस्टँड, मग गोकुळनगर. अरुंद बोळ, पत्र्याची छपरं, दारात बसलेल्या बायका. अनेकींच्या गळ्यात तेच मणी आहेत. एक घरवाली तुम्हाला पाहते, गाठोडं पाहते, आणि नाव विचारायच्या आधी चहा मागवते. तुम्ही पडेल ते काम करता, धंदाही करता. भाडं द्यावं लागतं, दंडेली सोसावी लागते, कधी हवालदाराचा हप्ता, कधी गिऱ्हाइकाची मारहाण. मी या वस्तीला गोड करून सांगणार नाही. पण इथे कुणी तुम्हाला नीट चालायला सांगत नाही.

1992 मध्ये संग्राम, म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्था, इथे काम सुरू करते. मीना सेषू आणि त्यांचे सहकारी वस्तीत येतात. एचआयव्हीचा काळ आहे, माणसं मरताहेत, दवाखान्यात खाटेखाली ठेवली जाताहेत. निरोध वाटायचं काम वस्तीतल्याच बायका हातात घेतात, आणि हळूहळू लक्षात येतं की निरोधापेक्षा मोठं काहीतरी हातात आलंय. 1996 साली त्यांची स्वतःची संघटना होते: वेश्या अन्याय मुक्ती परिषद, वॅम्प. पुढे पुरुष आणि तृतीयपंथी धंदेवाल्यांची 'मुस्कान' होते, आणि तुम्ही पहिल्या दिवसापासून तिच्या सतरंजीवर बसता.

बैठकीत काय चालतं ते नीट ऐका. कुणाचा मालक दारू पिऊन मारतो, त्याला बोलावून घ्यायचं. कुणाच्या पोराला शाळेत बापाचं नाव विचारून परत पाठवलंय, उद्या चार जणींनी जाऊन हेडमास्तरांशी बोलायचं. कुणी गेली तर तिला नातेवाईक न्यायला येणार नाहीत, खांदा आपणच द्यायचा. या बायकांच्या मुलांसाठी निपाणीला वसतिगृह उभं राहतं. भाऊरावांच्या पंगतीत जेवलेल्या तुम्हाला तिथली पातेली ओळखीची वाटतील.

2005 च्या मे महिन्यातली रात्र. बाहेरून आलेल्या एका संस्थेच्या सांगण्यावरून पोलीस गोकुळनगरात घुसतात. दारं धडधडतात. "चला, तुम्हाला सोडवायला आलोय." कुठं नेणार ते कुणी सांगत नाही. अल्पवयीन मुलगी असेल तर तिला तिथून काढलंच पाहिजे, याबद्दल वॅम्पच्या बायकांचंही दुमत नाही. पण वीस वर्षं तिथे राहिलेल्या, पोरं वाढवलेल्या बाईला गाडीत कोंबताना तिचं घर तिला विचारून मोडलेलं नसतं. चुलीवर भात तसाच राहतो. त्याच वर्षी संग्राम अमेरिकी सरकारचा निधी नाकारते, कारण अट होती की वेश्याव्यवसायाच्या विरोधात असल्याचं लिहून द्या. ज्या बायकांसोबत रोज जेवतो त्यांच्याविरुद्ध सही कशी करणार, एवढा साधा तो नकार होता. मला तो फार मोठा वाटतो.

सतरा वर्षांनी, 19 मे 2022 रोजी, सर्वोच्च न्यायालय सांगतं की धंदा करणाऱ्या बाईलाही सन्मानानं जगण्याचा अधिकार आहे आणि पत्त्याच्या पुराव्यासाठी अडवून न धरता तिला आधार कार्ड मिळालं पाहिजे. इतकी वर्षं ज्या बोळात तुम्ही राहिलात तो बोळ पत्ता म्हणून लिहायला देश आता कुठे तयार झाला.

नोव्हेंबर 2022. परत कराड. तुम्ही विशीत आहात आणि सायबर कॅफेत बसला आहात. पोलीस भरतीचा अर्ज स्क्रीनवर उघडा आहे. पहाटे चारला उठून तुम्ही धावता, रस्त्यावर मुलं ओरडतात म्हणून अंधारातच. अर्जात लिंग विचारलंय आणि दोनच पर्याय आहेत. मधला रकाना नाही. कोणताही एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मागे रांग आहे, कॅफेवाला म्हणतो, "लवकर बघा, टाका काहीतरी."

कराडच्या आर्या पुजारी यांनी काहीतरी टाकलं नाही. त्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या. 14 नोव्हेंबरला न्यायाधिकरणाच्या अध्यक्ष मृदुला भाटकर यांनी सरकारला तिसरा पर्याय द्यायला सांगितलं. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची ओळख मान्य केल्याला आठ वर्षं उलटली होती, आणि सरकारचं म्हणणं होतं की धोरण नसताना भरती करणं फार अवघड आहे. 9 डिसेंबरला मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती अभय आहुजा यांच्यापुढे सरकारनं कबूल केलं की संकेतस्थळावर तिसरा पर्याय देऊ. 28 फेब्रुवारी 2023 पर्यंत शारीरिक चाचणीचे नियम करायचं ठरलं.

नोकरीची ही लढाई घराच्या विषयात कशाला आणली, असं वाटेल. तुम्ही खोली शोधायला निघा म्हणजे कळेल. मालक पहिल्यांदा विचारतो, काय करता. दुसऱ्यांदा विचारतो, घरी कोण कोण. दोन्हीची उत्तरं नसली की खोली कालच गेलेली असते. पगाराची पावती हातात असेल तर दुसरा प्रश्न थोडा मऊ होतो. खाकी कपडे दोरीवर वाळत असतील तर कदाचित विचारलाच जात नाही. गोकुळनगरच्या रात्री दार धडकवणाऱ्या खात्यातच आपली जागा मागायला कराडचं एक माणूस कोर्टात उभं राहिलं, ही गोष्ट मला या सगळ्या प्रवासातली सर्वांत धीट वाटते.

आता तुम्ही आपल्या वर्षात आलात. कायदा काय म्हणतो ते एकदा बघून घ्या. 2019 च्या तृतीयपंथी व्यक्ती कायद्याच्या बाराव्या कलमात लिहिलंय की तृतीयपंथी असल्याच्या कारणानं कुणाला आईवडिलांच्या घरातून काढता येणार नाही, त्या घरात राहण्याचा आणि ते वापरण्याचा त्यांना हक्क आहे. हे चांगलंच आहे. पण कुटुंबाला सांभाळणं जमत नसेल तर न्यायालयानं पुनर्वसन केंद्रात पाठवावं, असं तेच कलम पुढे म्हणतं. रक्ताचं घर, नाहीतर सरकारी केंद्र. गुरूचं घर, घरवालीनं चहा मागवलेलं घर, दोन मैत्रिणींनी मिळून घेतलेली खोली यांतलं काहीच त्या कलमाला दिसत नाही. 1853 च्या कारकुनानं विचारलेला प्रश्न अजून तसाच आहे.

मात्र फटी पडू लागल्यात. 6 सप्टेंबर 2018 ला समलिंगी प्रेम गुन्हा राहिला नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला, ते दुखलंच. पण 2024 मध्ये केंद्राच्या अन्न विभागानं राज्यांना कळवलं की समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरावं, आणि बँकेत जोडखातं काढायला त्यांना आडकाठी नाही हेही अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं. मे 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं म्हटलं की कुटुंब उभं करायला लग्न हाच एक मार्ग नाही. यातलं रेशनकार्ड मला सगळ्यात जवळचं वाटतं. गहू-तांदूळ घेताना एका कार्डावर दोन नावं असणं, दुकानदारानं ती मोठ्यानं वाचणं, आणि रांगेतल्या कुणीही मान न वळवणं.

म्हणून हे वाचणाऱ्या कराडच्या, सांगलीच्या, साताऱ्याच्या लोकांना माझं सांगणं आहे. तुमचं लेकरू वेगळं असेल तर त्याला घराबाहेर काढू नका. आणि काढून बसला असाल तर आज फोन करा, जेवलीस का विचारा. वाटणीच्या कागदावर त्याचं, तिचं नाव घाला. कुठलाही देव कुणाचा सातबारा मागत नाही. गावात रेशनचं काम तुमच्याकडे असेल तर आलेला अर्ज परत पाठवू नका. आणि कराडच्या विद्यानगरात, कॉलेजच्या आसपास, तुमच्या माडीवर एखादी खोली रिकामी असेल, आणि उद्या गाठोडं नाहीतर बॅग घेऊन कुणी दारात आलं, तर पाणी, वीज आणि भाडं किती ते सांगा, आणि किल्ली द्या.